ओढ्याच्या अलीकडे

आमदारसाहेब पाच वेळा निवडून आले. त्यांची पत्रं, निवेदनं, विधानसभेतले प्रश्न मी लिहायचो. सोनपेठकडच्या आमच्या अक्काच्या गावाला ओढ्यावर पूल पाहिजे, हे मागणं मी पहिल्याच वर्षी लिहिलं होतं. पुढं दर अधिवेशनाला नुसती तारीख बदलत गेलो. उत्तर ठरलेलं: 'बाब तपासण्यात येत आहे.' साहेबांनी दोनदा तिथं नारळही फोडला. त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगीन. पण बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर, आणि सत्तेत होते तेव्हाही मागच्याच रांगेत.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी साहेबांच्या परभणीच्या बंगल्यावर मी माणसांचे अर्ज घेत बसलो होतो. दाजींचा फोन आला.

"अक्काच्या छातीत दुखायलंय. घामानं भिजलीय. वड्याला लय पाणी हाय. थर्माकोलच्या तराफ्यावर घालून न्यावं म्हनलं, तर कुनी धजंना."

माझ्या हातून फोन सुटला. साहेबांनी तो उचलला, दाजींशी बोलले आणि तिथूनच तहसील, जिल्हाधिकारी कचेरी, सगळीकडं फोन लावले. पंचवीस वर्षांत कुणापुढं न लवलेला हा माणूस एका कारकुनाला म्हणाला, "पाया पडतो बाबा, होडी पाठव."

आम्ही गाडीनं निघालो. वाटेत दाजींचा फोन दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही. मीच लावला. मागं बायांचा आक्रोश ऐकू आला आणि मला कळलं.

ओढ्यापाशी पोचलो तर पाणी गढूळ, काठोकाठ. पलीकडं माणसं जमलेली. होडी आलीच नव्हती. मी चपला काढून पाण्यात शिरलो. ड्रायव्हरनं कमरेला मिठी मारून मला मागं ओढलं. साहेब चिखलात खाली बसले होते. पलीकडून दाजी ओरडले, "येऊ नगा! आता येऊन काय करता?"

पाऊस थांबेना, पाणी उतरेना. त्यांनी अक्काला तिकडंच अग्नी दिला. त्रिसरण पंचशील म्हटलं असेल. मला ऐकू आलं नाही. मी अलीकडून नुसता धूर पाहिला. सख्खा भाऊ असून चितेवर एक लाकूडसुद्धा माझ्या हातून पडलं नाही.

त्या अधिवेशनाचा प्रश्न मला लिहवेना. साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिला. सभागृहात बोलायला उभे राहिले, अक्काबद्दल दोन वाक्यं बोलले. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि पुढच्या सदस्याचं नाव पुकारलं गेलं.

साहेब पुढची निवडणूक लढवणार नाहीत. पूल झालेला नाही. दाजी माझ्याशी बोलत नाहीत. मी रोज बंगल्यावर जातो, कारण माणसं अजून अर्ज घेऊन येतात, आणि मी त्या अर्जांवर तारीख घालून ठेवतो.