मधूचा सहावा नंबर

सुधाकरचा फोन आला तेव्हा मी भेंडी निवडत होतो. "मधू गेला," एवढंच म्हणून तो रडायला लागला. मी रडलो नाही. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, आता आपल्या सिनेमाचा पहिला नंबर कोणी हलवत नाही. दीड महिना झाला, हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज लिहून टाकतो, कारण मधूबद्दल गोड गोड लिहिलं तर तो वरून शिवी घालेल... आणि ती मला लागेल.

अमडापुरात पोळ्याला बैलांचे नंबर लागतात. दुसऱ्या दिवशी, करीला, आम्ही तिघं मित्र मधूच्या ओसरीवर सिनेमांचे नंबर लावायचो. सुटे सिनेमे नाहीत, तर ज्यांचे भागांवर भाग निघतात त्या मालिका. "बैलाले नंबर असते, मंग सिनेमाले काऊन नाही बे?" ही कल्पना मधूचीच. तो तंबू टॉकीजचा ऑपरेटर, सुधाकर शिंपी आणि मी गणिताचा मास्तर. साहजिकच नियम मी केले. मालिकेचा सगळ्यात वाईट भाग धरून नंबर द्यायचा, आणि एकदा लागलेला नंबर हलवायचा तर तिघांचेही हात वर पाहिजेत. पहिल्या वर्षी खडू माझ्या हातात होता, म्हणून पाटीवर पहिली लागली माझी हेरांची मालिका आणि सहावी, म्हणजे शेवटची, मधूची भुताची.

त्या भुताच्या पहिल्या भागाला जत्रा उठली तरी तंबू उठला नव्हता. रीळ तुटलं की मधू इतक्या चपळाईनं जोडायचा, की पडद्यावरची बाई किंचाळत होती ती किंचाळतच राहायची. शेवटच्या खेळाला लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पुढं टॉकीज बंद पडली आणि तो वांगी-मिरची विकू लागला. बाजारात त्याला कोण खांद्यावर घेणार? त्याच्या आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दर करीला त्याचा हात वर जायचा, सुधाकरचा जायचा आणि मी सुपारी कातरत बसायचो. "पाचव्या भागात भुताच्या पायात चप्पल दिसते," मी म्हणायचो. सुधाकर हसायचा. मधूही हसायचा, कारण चप्पल खरोखरच दिसते. वीस वर्षं मी त्या एकाच चपलेनं त्याला हाणलं.

यंदाच्या करीला तो बुलढाण्याला दवाखान्यात होता. नाकात नळी, हाताची नुसती काडी. आम्हाला पाहून म्हणाला, "मास्तर, यंदा इथंच लावू नंबर. एक डाव पयला दे ना बे मले... मंग कुठं मागतो?" त्यानं हात उचलला, सुधाकरनं लगेच उचलला. मी म्हणालो, "काय बे, चप्पल काढली का त्या भुतानं?" मला वाटलं, हसेल. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू लय पक्का हायेस." मी ते कौतुक समजलो आणि स्टँडवर येऊन मजेत चहा प्यायलो. आठवड्याभरात तो गेला.

तेरवीची जेवणं उरकल्यावर सुधाकर आणि मी ओसरीवर बसलो होतो. पाटी खुंटीला तशीच होती. मी हात वर केला. सुधाकरनं पाहिलं, पण त्याचा हात गुडघ्यावरून हलला नाही. "तिघांचे लागतात," तो म्हणाला, "तूच म्हणे ना?" मला त्याचा संताप आला, माझा त्याहून जास्त. खांद्यावरचा दुपट्टा घेऊन मी पाटी पुसायला उठलो, तर मधूची बायको, शांतावहिनी, आडव्या आल्या.

"राहू द्या, भाऊजी. तुमचं अक्षर तं कवाच पुसलं होतं. हे त्यायचं हाये. दर सालीच गिरवत होते, तुम्ही करीले याच्या आंधी. यंदा दवाखान्यात जाच्या दिवशी गिरवून गेले."

पाटी बारा महिने त्याच्याच ओसरीवर. खडू त्याच्याच कोनाड्यात. एखाद्या वर्षी खालची ओळ वर लिहिली असती तर त्याला कोण अडवणार होतं? मी जवळ जाऊन पाहिलं. सहाव्या ओळीत, बाकीच्या पाचांपेक्षा जरा ठळक, त्यानं आपल्या भुताचं नाव लिहिलं होतं.