गोधडीवरचा डावा हूक

लातूरच्या ट्यूशनच्या भागात आम्ही बाप-लेक ज्या खोलीत राहतो, तिथे सरळ ठोसा मारता येत नाही. एका भिंतीला लोखंडी कॉट, दुसरीला तिचं टेबल, मधे शेगडी आणि पाण्याचा जार. हात पूर्ण लांब केला की कपाटाला लागतो. हूक, म्हणजे बॉक्सिंगमधला बाजूनं वळवून मारलेला ठोसा, मात्र बसतो. हुकाला जागा कमी लागते. कोपर दुमडलेलंच राहतं आणि जोर येतो तो पायाच्या चवड्यातून, कंबरेतून. हे मला माझ्या मुलीनं शिकवलं.

आमचं घर नांदेडला. बायको तिथे दवाखान्यात नर्स आहे, तिला लांब रजा मिळत नाही. म्हणून अकरावी-बारावीसाठी आणि डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी मुलीला घेऊन मी आलो, झेरॉक्सचं दुकान भाच्याच्या हवाली करून. आमच्या मजल्यावर प्रत्येक खोलीत एक शिकणारं पोर आणि त्याची आई. बाप मी एकटाच. शेजारी चाकूरकडच्या एक बाई आहेत. माझ्या तव्यात डोकावून त्या विचारतात, "भाऊ, ही भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?"

नांदेडला ती बॉक्सिंग करायची. जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. लातूरला निघताना मी आणि बायकोनं तिला सांगितलं, दोन वर्षं ग्लोव्ह्जना हात लावायचा नाही. ती "हाव" म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचं ते एका शब्दात हो म्हणणं माझ्या मनातून गेलंच नाही. मग संध्याकाळी, दोन विषयांच्या मधे, मी गोधडीची जाड घडी छातीशी धरून भिंतीला पाठ लावून उभा राहू लागलो आणि ती मारू लागली. बायकोला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

"पप्पा, ढिली नका धरू ना. कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिले का मनात?"

मधे थांबून ती मला हात दाखवायची. मूठ अशी, जसा चहाचा ग्लास धरलाय. अंगठा वर, तळवा आपल्याकडं. मनगट सरळ. कोपर मुठीच्या मागं, त्याच उंचीवर. लागायला हवीत ती मुठीची पहिली दोन हाडं. लांबून मारताना तळवा जमिनीकडं वळवतात, पण इतक्या जवळून तसं केलं की अंगठा आधी आदळतो. आणि एक हात मारत असताना दुसरा गालाशीच राहिला पाहिजे.

हे सगळं तिला पाठ होतं, तरी एक खोड होती. राग आला की तिचा तळवा खाली वळायचा. नांदेडच्या सरांनी त्यावर खूप मेहनत घेतली होती. आता मलाही ते दिसू लागलं. सराव परीक्षेत मार्क कमी पडले की त्या संध्याकाळी मूठ पालथी. मी म्हणायचो, "ग्लास सांडला." ती हसायची आणि मूठ उभी करायची.

इथल्या खोल्यांमधे एक पद्धत आहे. पोरांचा मोबाइल आई-बापाजवळ राहतो. पोरांना आलेला फोन आधी आपण घ्यायचा, मग ठरवायचं द्यायचा का. बुधवारी दुपारी ती क्लासला गेलेली असताना नांदेडच्या सरांचा फोन आला.

"जयभीम भाऊ. रविवारी निवड चाचणी आहे इथं. तिच्या वजनगटात तिच्यासारखी दुसरी नाही. एक दिवस पाठवा, संध्याकाळी परत लातूरला."

रविवारी क्लासची मोठी सराव परीक्षा होती. तिला विचारतो, एवढं मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तिचंच मन राहिलं नाही आता, सर."

सरांनी उलट विचारलं.

"ती म्हणली असं?"

"हाव."

त्या संध्याकाळी मी गोधडी धरली. गुरुवारी धरली. शुक्रवारीही. पाठीला भिंत, समोर ती. सांगावं तर ती बॅग भरेल आणि बायकोला मी काय तोंड दाखवू; न सांगावं तर रोज तिचा ठोसा छातीवर घेत तिच्याशी खोटं वागायचं. दार हाताच्या अंतरावर होतं, पण बाहेर जाऊन तरी मी काय करणार होतो? तिथं जिन्यात बाया मेथी निवडत बसलेल्या.

शनिवारी ती मारत असतानाच मी बोललो. "सरांचा फोन आला होता."

"कधी?"

"बुधवारी. उद्या निवड आहे. मी सांगितलं, तुझं मन नाही."

तिनं कोपर उचललं. डावा हात निघाला तेव्हा तळवा खाली वळलेला मला स्पष्ट दिसला. ग्लास सांडला, एवढं म्हणायला वेळ होता. मी बाजूला सरलो की माझ्या हातातून गोधडी सुटली, ते मला अजून सांगता येत नाही. ठोसा भिंतीवर बसला.

अंगठ्याच्या मुळाशी हाड मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर झालं. खोलीवर आलो तर शेजारच्या बाई धावत आल्या आणि हात बघून म्हणाल्या, "बरं झालं माय, डावाच हाय. उद्याचा पेपर तर लिव्हता येतो." फोनवर बायकोला मी सांगितलं, बाथरूममधे घसरली. तिनंही पहिलं हेच विचारलं, "अहो, उजवा ठीक आहे ना?" मी म्हणालो, ठीक आहे. मुलगी कॉटवर बसून ऐकत होती.

रविवारी तिनं पेपर लिहिला. मी क्लासच्या जिन्याखाली उभा राहून सरांना फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं, बायकोला काय सांगितलं तेही. ते ओरडतील असं वाटलं होतं.

"तळवा खाली होता का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मग राग आला असेल तिला."

"माझा आला, सर."

"हाड जुळल्यावर पाठवा. पुढची चाचणी येईलच." मग म्हणाले, "आणि भाऊ, हे मला सांगून काय उपयोग? घरी सांगा."

संध्याकाळी गोधडीची घडी तिनं एका हातानं उचलली, खांद्याशी दाबून धरली आणि दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. "तुम्ही मारा आज. मी बघते. नाहीतर विसरून जाईन."

मी ग्लास धरल्यासारखी मूठ केली. कोपर उचललं. मारलं. गोधडीला नुसता धक्का बसला.

"मारायच्या आधी तुमचा हात खाली येतो, पप्पा. समोरच्याला आधीच कळतं."

"काय कळतं?"

"बुधवारपासून तुम्ही गोधडी ढिली धरून राहिले होते. मला वाटलं, मम्मीला काही झालंय. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगता."

मी पुन्हा मूठ उचलली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मम्मीला फोन लावा. बाथरूमचं नका सांगू. आणि पुढच्या चाचणीला मी जाणार, तेही आत्ताच सांगा."

फोन माझ्याच खिशात होता. मी लावला. रिंग जात होती. दार आणि मी यांच्यामधे ती गोधडी घेऊन उभी होती, आणि गोधडी तिनं घट्ट धरली होती.