डोकं खाली

पोहण्याच्या तलावावर आमच्या ह्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. पोरं त्यांना ‘डोकंखाली काका’ म्हणतात. काठावर उभं राहून उभ्या जन्मात ह्यांनी ही एकच ओरड केली. मान वर काढली की पाय बुडतात, पाय बुडले की वेग जातो. तळाला काळ्या फरशीची पट्टी आहे, तिच्यावर नजर ठेवायची आणि सरळ जायचं. अर्ध्या गावाला ह्यांनी असं पोहायला शिकवलं, आणि कागदोपत्री हे कोण, तर सफाई कामगार. क्लोरीन टाका, पाण्यावरचा पाला जाळीनं काढा, कुणी बुडायला लागलं तर उडी मारा. शिकवणं फुकटात, हौस म्हणून. बरं, साहेब काही बोलला तरी हे आपले खाली मान घालून ऐकणार. ह्यांच्या मानेत वर व्हायचा सांधाच बसवलेला नाही की काय, असं मला कितीदा वाटलंय.

गेल्या वर्षी क्लबला नवे सेक्रेटरी आले. त्यांनी जाहीर केलं की प्रशिक्षकाची कायमची, पगारी जागा भरणार, पण माणूस लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पूर्ण केलेला हवा. फलकावर नाव शोभलं पाहिजे ना! म्हणजे आधी उघड्या पाण्यात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून दिवसभर हाणायची, आणि वर पूर्ण मॅरेथॉन पळायची. ह्यांच्या वयाचे लोक जिना चढताना कठडा धरतात. तरी ह्यांनी नाव दिलं, कारण म्हातारपणी हातात झाडू नको होता. सेक्रेटरींच्या भाच्यानंही दिलं. त्यालाही पोहायला ह्यांनीच शिकवलेलं. दोघांत जो आधी येईल त्याची जागा, असं सेक्रेटरी हसत हसत म्हणाले. भाचा सायकलवर वाघ, पण पाण्यात कच्चा. म्हणजे ह्यांना जे काय मिळवायचं ते पाण्यातच मिळवायचं होतं.

शर्यतीच्या दोन दिवस आधी आम्ही ती होती त्या तळ्याकाठच्या गावात उतरलो. सायकल सुटी करून खोक्यात भरलेली, ते खोकं बसच्या टपावर. लॉजचा मॅनेजर म्हणाला, सायकल खोलीत चालणार नाही. मी म्हटलं, मग आम्ही पण बाहेरच झोपतो, तुमच्या दारात. तेव्हा मुकाट्यानं किल्ली दिली. खोलीत खाटा दोन. एकीवर वर्तमानपत्रं पसरून सायकल जोडली, दुसरीवर आम्ही दोघं दाटीवाटीनं. हे उकडलेले बटाटे खायचे आणि साखळीला तेल देत बसायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर सरावाला गेलो. वर्षभर ह्यांनी तयारी केली ती कामावर जायच्या आधी, आपल्याच तलावात. उघड्या पाण्यात ही पहिलीच वेळ. मी काठावर टॉवेल घेऊन उभी. काय सुरेख पोहत होते! हात कसे सपासप पडत होते, अंग कसं सरळ. फक्त चालले होते भलतीकडेच. वाट दाखवायला पाण्यावर सोडलेले नारिंगी फुगे उजवीकडे राहिले आणि हे डावीकडच्या लव्हाळ्यात घुसले. होडीवाल्यानं ओरडून परत आणलं. बाहेर आले तेव्हा खांद्यावर शेवाळ, आणि चेहरा पार उतरलेला.

“अगं, खाली काहीच नाही,” ते म्हणाले. “पट्टीच नाही.”

होडीवाला भला माणूस. म्हणाला, इथे चार हात मारले की डोळे पाण्याच्या वर काढायचे, पलीकडची पाण्याची टाकी बघायची आणि पुन्हा खाली. हे पुन्हा उतरले. कधी जमायचं, कधी विसरायचे. मान आठवणीनं उचलावी लागत होती.

दुपारी भाचा आला आणि पाण्यात शिरला. थोड्या वेळात तोही लव्हाळ्यात! गुरूचाच चेला. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी त्याला पाण्यात बघत होते, दोन्ही अर्थांनी. आणि आमचे हे? चप्पल काढली आणि उतरले. दुपारभर त्याच्या हनुवटीखाली हात धरून त्याला मान उचलायला शिकवलं, टाकी दाखवली. कोवळी मान ती, तासाभरात शिकली.

खोलीत आल्यावर मी तोंड सोडलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतलात, म्हटलं. मी पुष्कळ बोलले. ते सायकलचं चाक पुसत राहिले.

“चुकीचा पोहत होता तो,” शेवटी एवढंच म्हणाले.

शर्यतीच्या सकाळी भोंगा वाजला, शेकडो माणसं एकदम पाण्यात पडली, हातावर हात, लाथांवर लाथा. त्या गर्दीत ह्यांची मान पुन्हा खाली गेली ती गेलीच. दुसऱ्याला शिकवलेलं स्वतःला आठवलं नाही. होडीवाल्यानं दोनदा लव्हाळ्यातून फिरवलं. भाचा केव्हाच बाहेर पडून सायकलवर बसला होता. हे आले तेव्हा पोहण्यासाठी ठरवून दिलेली वेळ संपली होती. एक मुलगी आडवी आली, सॉरी अंकल म्हणाली आणि घोट्यावरचा वेळ मोजायचा पट्टा सोडवून घेतला. रांगेतल्या सगळ्या सायकली गेलेल्या, आमची तेवढी उभी, साखळी चकचकीत. मला रडू आलं, आणि रागही असा आला की टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला.

क्लबात भाच्याचा सत्कार झाला. आम्ही शेवटच्या ओळीत. तो माइकवर म्हणाला, उघड्या पाण्यात मान वर करायची असते, हे आपल्या इथे कुणाला माहीतच नव्हतं. मी तिथे जाऊन स्वतः शिकलो, आता मुलांना नीट शिकवीन.

माझ्या अंगाची लाही झाली. ह्यांना कोपरानं ढोसलं.

“अहो, आता तरी मान वर करा. उठा आणि सांगा.”

हे फरशीकडे बघत होते. तसंच बघत त्यांनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.