पडलेल्याला उचलताना

गडाच्या उतारावर एक बाई घसरून पाठीवर पडल्या आणि आजूबाजूचे सगळे त्यांना उचलायला धावले. नवऱ्याने त्यांच्या काखेत हात घातलाच होता.

मी ओरडले, "उचलू नका! मानेला लागलं असेल तर कायमच्या अधू होतील."

"तुम्ही डॉक्टर का?" नवऱ्याने हात काढून घेत विचारलं.

"नाही. प्रथमोपचार शिकलेय." आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. शिकलेलं सांगायला मी लाजत नाही.

श्वास नीट होता, रक्त वाहत नव्हतं. चप्पल निसटलेल्या पायाची बोटं हलवायला सांगितली, ती हलली. तरी डोकं हलू द्यायचं नसतं. गुडघे टेकून मी ते दोन्ही हातांत घट्ट धरलं. कुणीतरी फोन केला होता, पायथ्याहून स्ट्रेचर निघाला होता. आता नुसतं थांबायचं, आणि तेच सोसवेना. आपल्याकडे मूल पडलं की आधी कडेवर घेतात, मग कुठं लागलं ते बघतात. माया म्हणजे उचलणं. पडलेल्याला तसंच पडून राहू देणं निर्दयपणाचं वाटतं. माझेसुद्धा हात शिवशिवत होते.

नवरा येरझाऱ्या घालत होता. "बाईमाणसाला असं दगडावर टाकून ठेवायचं?"

"अहो, कुठं गेलात?" बाईंनी वर आभाळाकडे बघतच विचारलं.

"ताई, मान वळवू नका," मी म्हटलं.

तो थबकला. मग टोपी काढून तिच्याशेजारी त्याच दगडांवर आडवा झाला.

"हितंच हाय," तो म्हणाला. "तू वर बघ."