आक्कानं ओळखली पाहिजे

अमरावतीला उतरले तेव्हा नुकतं उजाडत होतं. पाठीवर रंगांची पेटी, काखेत कोरा कॅनव्हास. तीन वर्षं पुण्यात क्लास करूनही माझे चेहरे मडक्यासारखेच येत होते. शेवटी सर वैतागले, "एखादं जुनं, नामी चित्र समोर घेऊन बसा आणि जसंच्या तसं उतरवा. फोटोवरून नाही!" असं चित्र त्यांच्या ओळखीतल्या बापूंकडे होतं. शहराबाहेर भाजीपाला आणि झेंडू पिकवणारं घर. बापूंच्या आईला कोण्या ड्रॉइंग मास्तरांनी पूर्वी तेलरंगात रंगवलं होतं.

बापूंची अट एकच होती. "नक्कल माह्या आक्काले द्याची. अकोल्याले रायते, गुडघ्यानं घरातच बसली हाय. मायचा चेहरा तिनंच पाह्यला, म्या नाई. तिनं ओळखली पाहिजे."

झालं! माझी परीक्षा घेणारी बाई अकोल्यात बसलेली.

चित्र भिंतीवरून काढून खुर्चीवर ठेवलं आणि मी उभ्यानं कामाला लागले. आधी तपकिरी रंगाचा पातळ थर, मग उजेड, मग कातडीचा रंग. ओसरीवर झेंडूचे ढीग, शेतात मोटारीची घरघर, आणि समोर ती नथ घातलेली, माझ्याहून कितीतरी लहान बाई. दिवस कसे गेले, खरंच सांगता येणार नाही. जेवायला जवसाची चटणी आणि भाकर. रंगात मिसळायच्या माझ्या बाटलीतही जवसाचंच तेल. हाताला येणारा वास रंगाचा की जेवणाचा, कळेना. सूनबाई म्हणाली, "भाजीत सांबार टाकून राहिली," तर मी इडलीची वाट पाहत बसले. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. घर पोट धरून हसलं.

सहाव्या दिवशी बापू माझ्या कॅनव्हाससमोर उभे राहिले. "नाक हाय, कान हाय. पण माय पाहून नाई राहिली."

मला रडूच आलं. रागारागानं तिथेच जमिनीवर फतकल मारली, वर पाहिलं, आणि अगं बाई! ती थेट माझ्याकडे पाहत होती. तिची नजर खाली होती आणि मी इतके दिवस उभी! मग उरलेलं सगळं काम मी जमिनीवर बसून केलं. पापण्या उतरवल्या, बुबुळं खाली घेतली, गाल पुन्हा रंगवले.

अकोल्याच्या एसटीत बापू आणि मी ओला कॅनव्हास दोघांच्या मांडीवर आडवा धरून बसलो. कंडक्टर वाकून म्हणाला, "कोण वो हे?"

"माय," बापू म्हणाले. त्यानं तिकिटं दोनच फाडली.

आक्का खाली सतरंजीवर बसल्या होत्या. बापूंनी चित्र खुर्चीवर टेकवलं. आक्कांनी मान वर केली.

"तवा मी अशीच बसली होती," त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या पायापाशी. मास्तर म्हणे समोर पाहा, आन् माय माह्याकडेच पाहे."

त्यांनी हात पुढे केला. मी ओरडले, "नका नका, ओली आहे अजून!"

"ओलीच गेली वो ते," आक्का म्हणाल्या. "हा बापू आठ दिवसाचा होता."

आणि त्यांनी गालावर हात ठेवला. बापू भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग आक्कांनी त्यांना हाक मारून जवळ बसवलं आणि त्यांचाही हात धरून तिथेच टेकवला. ओल्या रंगात दोघांची बोटं उमटली, पण मी रंगाची पेटी उघडलीच नाही.

परतीच्या गाडीत मी मोबाइलमधला मास्तरांच्या मूळ चित्राचा फोटो उघडून पाहिला. सुंदर होतं, माझ्यापेक्षा शंभर पटींनी. पण त्या गालावर कुणाचीच बोटं नव्हती, आणि मला तो चेहरा अर्धवट राहिल्यासारखा वाटला.