लाल गाडी आणि लाडवाचा डबा

किस्से काही ठरवून साठवावे लागत नाहीत. सेकंडहँड गाडी घ्या, आपोआप साठतात! माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात गॉगलसुद्धा मावत नाही, कारण तिथे बिलं कोंबलेली आहेत. ऑइलचं, क्लचचं, बेल्टचं. मैत्रिणी गाडीत बसल्या की त्यातलं एक उपसतात आणि म्हणतात, "हं, ह्याचं सांग!" मग मी सांगते. घरी पोचेपर्यंत पुरतं.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. मी दचकते. कुकरच्या शिट्टीला, फोन थरथरला की, मागून कुणी नुसतं "अगं" म्हटलं तरी. आणि काम करते राहात्यातल्या एका लॅबमध्ये, लोकांचं रक्त काढायचं! सुई लागल्यावर पेशंट "आई गं" म्हणाला की पाठोपाठ मीही "आई गं" म्हणते. आमच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "प्राजक्ता, टोचतंय नक्की कुणाला, ते एकदा ठरवून घ्या!"

स्टिअरिंगवर बसले की मात्र माझा हात थरथरत नाही. का, ते मला माहीत नाही. म्हणून सहा वर्षं पगारातून पैसे बाजूला काढले, ते साध्या गाडीसाठी नाही. पळणाऱ्या गाडीसाठी!

*

गाडी मोबाईलवर दिसली. लाल, सात वर्षांची, टर्बो पेट्रोल. नगरच्या एका दातांच्या डॉक्टरांची. आई भाकरी थापत होती, तिला फोटो दाखवला. घरात आम्ही दोघीच.

"टर्बो म्हंजी काय गं?"

"जास्त जोरात पळते."

"तुला कुठं पळायचंय?"

मी फोटो आणखी मोठा करून तिच्यापुढे धरला.

मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या इकबालभाईंना घरी बोलावलं. म्हटलं, ते तरी आईला समजावतील. त्यांनी फोटो बघितला आणि मलाच समजावलं. "ताई, पळणाऱ्या जुन्या गाडीला दोन किमती असतात. एक मालकाला द्यायची. तिच्या चौथाई पैसे वेगळे काढा आणि विसरून जा. ती गाडीच्या स्वभावाची किंमत!"

आईने भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि फडताळातून लाडवाचा स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला.

"स्वभावाचे पैसे ह्यात ठिव. घरातला दुसरा पैसा त्या गाडीला लागायचा न्हाई. आन् हा डबा ज्या दिवशी रिकामा व्हईल, त्या दिवशी गाडी इकायची. घोडेगावला, भानुदासच्या हातानं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही कबूल म्हटलं असतं!

*

भानुदास म्हणजे माझा मामा. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात तो दलाली करतो, आजोबाही तेच करायचे. आयुष्यात त्याने गाडी चालवलेली नाही. तरी आईचा हुकूम होता, मामाने बघितल्याशिवाय सौदा नाही.

मामाने डॉक्टरांना स्वतः फोन केला. "डॉक्टरसाहेब, आमी सकाळच्याला येतो. आमी येईस्तवर गाडीला उठवायचं न्हाई. लंगडं जनावर उठतानाच कळतं, येकदा चाललं की ते बी झाकून जातं!"

मी आणि इकबालभाई राहात्याहून पहिल्या एसटीने गेलो, मामा घोडेगावाहून आला. गाडी दारात उभी. धुतलेली, पुसलेली, लालभडक! मामाने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. सरळ गेला आणि म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा बॉनेटवर तळहात ठेवला.

"डॉक्टर, ऊन लागतंय."

डॉक्टरांचे कान गाडीच्या रंगाचे झाले. "ते... जरा पेट्रोल भरून आणलं सकाळी."

"मंग बसू. गार होऊ द्या."

तीन तास बसलो! चार वेळा चहा झाला. डॉक्टरांच्या सौ. पोहे घेऊन आल्या. मामा अधूनमधून उठून हात लावून यायचा आणि मान हलवायचा. शेवटी एकदाचा म्हणाला, "हं, आता उठवा."

डॉक्टरांनी चावी फिरवली. भुर्रर्र! मागून निळसर धुराचा एक लोट निघाला आणि थेट तुळशीवर गेला.

"टर्बो तेल पितोय थोडं," इकबालभाई माझ्या कानात म्हणाले.

मामा डॉक्टरांकडे वळला. "तोंड वासून बघू नका डॉक्टर. तुमचा न् माझा धंदा येकच हाय. गिऱ्हाईक काय बी सांगू दे, आपन दात बघायचे!"

*

आता सौदा. बाजारात मामासारखे दलाल बोलून भाव करत नाहीत. रुमालाखाली दोघांचे हात, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. मामाला दुसरी पद्धतच माहीत नाही!

त्याने डॉक्टरांचा हात धरला, वर खांद्यावरचा टॉवेल टाकला आणि दाबायला सुरुवात केली. डॉक्टर गोंधळले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"सांधे दुखतात का मामा तुमचे? थंडीत जास्त होतं का?" आणि सहानुभूतीने त्यांनी मान हलवली.

"हलली!" मामा ओरडला. मी एवढी दचकले की हातातली पोह्यांची बशी तुळशीत. "मुंडी हलली, सौदा झाला!"

"कितीला?" डॉक्टरांनी विचारलं.

"कितीला?" मीही विचारलं.

विकणाऱ्याला माहीत नाही, घेणारीला माहीत नाही, फक्त मामाला माहीत! त्याने आकडा सांगितला तेव्हा डॉक्टर खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "अहो, एजंट याच्यापेक्षा पंधरा हजार कमी देत होता." त्यानंतर चार दिवस मामा जेवला नाही म्हणतात. निदान मामी तरी तसं सांगते.

*

राहात्याला परत येताना गाडी मी चालवली, इकबालभाई शेजारी. पहिला मोकळा रस्ता आला. तिसरा गिअर, पाय दाबला. सीटने मला मागे ओढलं, कुणीतरी पाठीमागून उचलून घेतल्यासारखं! मी हसत होते. मोठ्याने, एकटीच. समोर ट्रॉली दिसली, पाय काढला, आणि गाडीतून आवाज आला.

फुस्स्स!

मी किंचाळले, गाडी बाजूला घेतली, उतरून चारही टायर बघितले. सगळे शाबूत. इकबालभाई आत बसूनच होते.

"ताई, बसा. टायर नाही फुटला. डॉक्टरांनी हौसेने आवाजाचा व्हॉल्व्ह बसवलाय. तुम्ही पाय काढला की गाडी श्वास सोडते."

पुढे घर येईपर्यंत गाडीने चाळीसेक वेळा श्वास सोडला आणि तितक्याच वेळा मी धरला.

*

दुसऱ्या दिवशी इकबालभाईंनी गाडी वर उचलली आणि वहीच्या पानावर तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं 'आत्ता', दुसऱ्यावर 'यंदा' आणि तिसऱ्यावर 'नशिबात'. 'आत्ता'मध्ये ऑइल, टायमिंग बेल्ट, ब्रेक. 'यंदा'मध्ये क्लच आणि मागचे दोन टायर. 'नशिबात'मध्ये एकच शब्द होता, टर्बो.

कागद आईने मागून घेतला. किराण्याची यादी वाचावी तसा वाचला.

"क्लच अर्धा न्हाई का मिळत?"

"नाही चाची."

"बेल्ट शिवून घेता येत न्हाई?"

"नाही चाची."

"मंग ह्यातलं पुढच्या महिन्यात काय चालंल?"

इकबालभाईंनी बराच विचार केला. "चाची, ब्रेक सोडून काहीही."

आईने डबा उघडला, पहिल्यांदा ब्रेकचे पैसे मोजून दिले, आणि झाकण असं जोरात लावलं की मी दचकले.

*

'नशिबात' पावसाळा संपता संपता आलं. मी आईला घेऊन शिर्डीकडून येत होते. इंजिनातून बारीक शिट्टी सुरू झाली. पाय दाबला की मोठी, काढला की बारीक. मला घाम फुटला, आई मात्र शांत. तिसऱ्या शिट्टीला म्हणाली, "डाळ झाली, गॅस बंद कर."

टर्बोच गेला होता. इकबालभाईंनी ओळखीतून दुरुस्त केलेला जुना मिळवला, मजुरी निम्मी लावली, तरी डब्याच्या तळाशी पाचशेची एकच नोट उरली. मी रोज लॅबमधून आल्यावर झाकण उघडून ती नोट बघायचे. गाडी इतकी सुंदर चालायला लागली होती! कुठे खडखड नाही, धूर नाही. पळायची तर अशी की लॅबमधून घर चार मिनिटांवर असूनही मी पुणतांब्याच्या रस्त्याने वळसा घालून यायचे.

मग एका संध्याकाळी एका खड्ड्यात पुढचं चाक आपटलं. रिम वाकली. सरळ करून घेतली, साडेचारशे रुपये. उरलेल्या पन्नासाची हवा-पंक्चर.

आईने डबा उघडला, उलटा केला, तळावर दोन टिचक्या मारल्या.

"बाजाराच्या दिवशी जाऊ घोडेगावला," ती म्हणाली. "मी भानुदासला फोन करते."

करणार काय? कबूल म्हटलं होतं ना!

*

बाजाराच्या दिवशी सकाळी मी गाडी धुतली. पुसताना दोनदा रडले. आई मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसली. पिशवीत तो डबा. पैसे ठेवायला घेतला असणार. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी मुद्दाम हळू चालवत होते.

बाजाराशेजारच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. आजूबाजूला टेम्पो, दावणीला म्हशी, माणसांची ही गर्दी! मामाने गिऱ्हाईक तयार ठेवलं होतं. पाथर्डीकडचे एक गृहस्थ, पांढरा शर्ट, पांढरी टोपी. पोराला लाल गाडी हवी होती म्हणे. त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवर तळहात ठेवला (मामाने शिकवलं असणार!) आणि खांद्यावरचा टॉवेल काढला.

"मामा, तू कर ना," मी हळूच म्हटलं.

"मला न्हाई जमायचं. गिऱ्हाईक मी आनलंय, मी त्यांच्या बाजूचा. मालकिणीनं हात द्यायचा."

मी हात पुढे केला. वरून टॉवेल आला. आत कुणीतरी माझं बोट दाबलं.

मी किंचाळले! हात ओढून घेतला. सगळा बाजार आमच्याकडे बघायला लागला आणि दोन पोरं तर हसून खाली बसली.

"सर बाजूला," आई म्हणाली.

तिने पदर खोचला, पिशवी माझ्या हातात दिली आणि टॉवेलाखाली हात घातला. मी मामाकडे बघितलं. मामा माझ्याइतकाच चकित!

"हिला येतं?"

"आमच्या बापाच्या शेजारी बसायची ल्हानपनी," मामा पुटपुटला. "मला वाटलं, नुसतीच बसायची."

टॉवेल हलत होता. गृहस्थ आधी हसत होते. मग हसायचे थांबले. मग त्यांनी आईकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. आईचा चेहरा तसाच, दळण निवडताना असतो तसा. आणि एकदम त्यांनी चटका बसल्यासारखा हात बाहेर काढला.

"मावशी, मी गाडी मागितली. साखर कारखाना न्हाई!"

"न्हाई परवडत तर न्हाई," आई म्हणाली. "आमची काय घाई न्हाई."

ती वळली, गाडीत जाऊन बसली, दार लावून घेतलं. मी धावत दुसऱ्या बाजूने आत शिरले.

"आई, अगं पण डबा! कबूल केलंय मी, डबा रिकामा झाला की..."

तिने माझ्या हातातून पिशवी घेतली, डबा काढला आणि झाकण उघडलं. काठोकाठ शेंगदाण्याचे लाडू.

"हाय का रिकामा?"

तिने एक लाडू माझ्या तोंडात कोंबला, बोटं पदराला पुसली आणि काचेतून बाहेर बघितलं. मामा, पांढरी टोपी, ती हसणारी पोरं, सगळे अजून तिथेच उभे होते.

"चल," आई म्हणाली. "आन् जाता जाता ती फुस्स करून दाखीव त्यांना."

दाखवली. बाजारातल्या एकूण एक म्हशी दचकल्या. मी सोडून!