माइकची कानटोपी

भीमाप्पांच्या निरोपसमारंभाच्या निमित्ताने घंटेचा आवाज दोनदा बिघडला आणि दोन्ही वेळा तो बिघडवणारी मीच होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ऐकता ऐकता तुम्ही उगाच मारुतीला दोष देणार नाही.

घंटा म्हणजे काय, तर रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. भीमाप्पा आमच्या खासबागेतल्या शाळेचे शिपाई. त्यांनीच तो लोंढ्याहून आणून चिंचेच्या फांदीला टांगला होता आणि तीस वर्षे त्यावर टोले दिले होते. मग त्यांचा उजवा हात अधू झाला. ते निवृत्त होऊन निपाणीला लेकीकडे निघाले आणि शाळेत विजेची घंटा येणार, असे ठरले.

मारुती माझा जुना विद्यार्थी. ऐंशीच्या दशकाच्या त्या अखेरीस तो ऑर्केस्ट्रात वाजवत असे. त्याने गोव्याच्या एका वादकाकडून सॅम्पलर नावाचे यंत्र आणले होते. दिसायला लहानशी पेटी. पण माइकसमोर कोणताही आवाज करा, त्याचा दीड-दोन सेकंदांचा तुकडा ते पकडते आणि मग प्रत्येक पट्टीतून तोच आवाज चढा किंवा उतरा निघतो. रुळाच्या टोल्यातूनच एक धून वाजवून भीमाप्पांना निरोप द्यायचा, हा मारुतीचा हट्ट.

हट्टाला कारण होते. लहानपणी तो पिरनवाडीहून चालत शाळेला येई आणि वळणावर त्याचे डोके दिसेपर्यंत भीमाप्पा टोलाच देत नसत. हे त्याने मला तेव्हा प्रथमच सांगितले. आणि मी त्या टोल्यावर रोज माझे मनगटी घड्याळ लावत होते!

अशा माणसाला ऐकवायचा आवाज उत्तमच हवा, असा मी चंग बांधला. आता सांगा, आपल्याकडे घरात रेडिओ आला की आधी काय करतात? त्याला झालरीचे आच्छादन शिवतात. मीही शिवले. यंत्राला मखमलीचे, आणि उरलेल्या मखमलीतून माइकला एक टोपी, आत कापूस भरलेली, खाली बंद लावलेली. पटांगणातली धूळ जाऊ नये, एवढाच हेतू. मारुतीने ती दोन्ही हातांनी घेतली, मला नमस्कार केला आणि ती माइकला चढवून बंद बांधले.

पहिला टोला पकडला. यंत्रातून आवाज निघाला तो गुळाच्या ढेपेवर लाटणे आपटावे तसा.

मारुतीने माइक रुळाजवळ नेला. ढेप जवळ आली, इतकेच. त्याने बटण पिळून आवाज वाढवला, तर नुसती खरखर वाढली. मी गंजाला दोषी ठरवून रूळ विटकरीने घासून घेतला. मग वायर बदलली. मुख्याध्यापकांनी दमट हवेवर संशय घेतला. शेवटी मी मारुतीला सर्वांसमक्ष सुनावले की, कामातली काळजी तुला शाळेतही नव्हती आणि आजही नाही. तो बिचारा खाली मान घालून उभा.

भीमाप्पा कट्ट्यावर बसून हे सारे पाहत होते. ते हळूच म्हणाले, "बाई, त्येला कानटोपी घातलीया न्हवं? मग ऐकू कसं यायचं?"

भीमाप्पा मारुतीकडे वळले. "तुला ठावं हुतं व्हय रं?"

"व्हय आप्पा. पर बाईंनी शिवल्याली टोपी काढा, म्हणून त्यांस्नी कोण सांगणार?"

टोपीचे बंद मी स्वतः सोडले. पुढचा टोला असा स्वच्छ आला की भीमाप्पांचा डावा हात आपोआप उचलला गेला. मी मारुतीची क्षमा मागितली. विद्यार्थ्याची मी मागितलेली ती पहिली क्षमा.

समारंभाच्या दिवशी ऐन वेळी वीज गेली, आणि त्या यंत्राची स्मरणशक्ती विजेबरोबरच जाते. वीज आली तेव्हा मुले पटांगणात रांगेने बसली होती. टोला नव्याने पकडणे भाग होते. भीमाप्पा म्हणाले, डाव्या हातानं मीच देतो, शेवटचा. मारुती मला म्हणाला, "बाई, आता आजूबाजूला काय बी आवाज नको." ती जबाबदारी अर्थातच मी घेतली.

त्याने बोट वर केले. भीमाप्पांनी टोला दिला. त्याच क्षणी तिसऱ्या रांगेत दोघी कुजबुजल्या आणि मी माझे कर्तव्य केले.

मारुतीने पट्टी दाबली. "टण्ण… शांतता रा…"

वरची पट्टी दाबली, तर तेच एखाद्या चिमणीच्या आवाजात. वाक्य अपूर्ण सोडणाऱ्याला मी आयुष्यभर बाकावर उभे केले. आणि येथे मीच सर्व सप्तकांत अपूर्ण! पटांगण हसून लोळले. मारुती पुन्हा पकडायची तयारी करू लागला.

"ऱ्हाऊ दे रं," भीमाप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तीस वर्सं टोल्यामागनं ह्योच आवाज येत हुता. निपाणीत टोला कुटंबी मिळंल. बाई न्हाई मिळायच्या."

तेव्हा ठरले ते असे : आवाज पुन्हा पकडायचा नाही, आहे त्यातूनच धून वाजवायची. मुख्याध्यापकांनी संमती दिली, मुलांनी टाळ्यांनी दिली. मी विरोध करण्यासाठी तोंड उघडले. पण मारुतीने सर्वांत खालची पट्टी दाबली आणि माझ्याच आवाजाने, भारदस्त पुरुषी स्वरात, मला शांतता राखायला सांगितले.

मी ती राखली.